धुराड्यातला बूट

माझी लेक अंतरा इथे कॉलेजात जुनं अमेरिकन साहित्य शिकवते. त्याच वेडापायी तिनं मॅसॅच्युसेट्समध्ये हे तीनशे वर्षांचं घर घेतलं. घरभर कुबट लाकडाचा वास. बंद फायरप्लेसवरच्या फळीवर तिनं देव मांडलेत, तेवढंच काय ते मला पटलं होतं.

काल दुपारी गवंडी येऊन धुराडं उघडून गेला. आतल्या कोनाड्यात लहान मुलाचा चामडी बूट निघाला, एकच. मी अंतराला फोन केला.

"आई, टच करू नकोस. प्युरिटन लोकांच्या, म्हणजे इथल्या जुन्या कर्मठ ख्रिश्चनांच्या काळातला असेल. सैतान धुराड्यातून येतो अशी भीती असायची. मुलाचा वापरलेला बूट ठेवला, की तो त्यालाच मूल समजून आत शिरतो आणि अडकतो. मी आल्यावर बघते."

ऐकून घेतलं. पण देवांच्या खाली पायताण? मला राहवेना. बूट उचलला आणि पोर्चमध्ये चपलांच्या स्टँडवर, नातीच्या स्नीकर्सशेजारी नेऊन ठेवला. मग हात धुऊन देवापुढे दिवा लावला.

बाहेर बर्फ पडत होता. सहा वर्षांची रुही फायरप्लेसपाशी चित्र काढत होती. पोर्चमधली फळी करकरली. थोड्या वेळानं पुन्हा.

"आजी, हू इज देअर?"

"कोणी नाही गं. बस तू."

मी जाऊन पोर्चचं दार उघडलं. बर्फावर एकही पाऊल नव्हतं. स्टँडवर तो बूट नव्हता, आणि रुहीचा एक स्नीकरही नव्हता. मी धावतच आत आले.

रुही तशीच चित्र काढत होती. एका पायात तो चामडी बूट...

"हा... कुठून आणलास?"

"माझ्याच मापाचा आहे," ती म्हणाली. ही पोर जन्मात मला मराठीत उत्तर देत नाही.

तेवढ्यात धुराड्यातून बारीक आवाज आला. "आजी... इट्स सो डार्क..."

मी कोनाड्यात हात घातला. आत फक्त तिचा स्नीकर होता, नुकताच पायातून काढल्यासारखा गरम.

अंतराला हे पटत नाही. म्हणते, आई, तू थकली आहेस. कालपासून मी या फायरप्लेससमोर खुर्ची टाकून बसले आहे, दिवा विझू देत नाही. उद्या गवंडी कोनाडा बुजवायला येणार आहे.

रुहीच आईच्या मागे लागली आहे, लवकर बुजव म्हणून.