साक्षीदार कोरीन मेबरी

ताटात कोंबडीचा तुकडा वाढताना कोरीनकडून रस्सा पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडला. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे टेबलाच्या टोकाला बसलेल्या थिओडोरावर खिळले होते. कोरीनच्या धाकट्या बहिणीवर, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एल्डनविलच्या पहिल्या काळ्या वकीलबाईवर! शुक्रवारी न्यायालयाने निकाल दिला होता, की गावातल्या काळ्या मुलांना यापुढे गोऱ्यांच्या शाळेत बसवलंच पाहिजे. आज रविवारी, चर्च सुटल्यावर, अर्धी वस्ती मेबरींच्या घरी जेवायला लोटली होती.

पाद्री व्हिटफिल्डनी उभं राहून देवाचे आभार मानले, थिओडोराच्या स्वर्गवासी आईचे मानले, आणि मग हसत म्हणाले, "आता जेवू या. आमच्या वकीलबाई बोलायला लागल्या तर मक्याचा पाव गार होईल."

सगळे खदखदून हसले. कोरीनही हसली. शनिवारी सकाळी शिक्षणाधिकारी हॅस्केल यांनी तिला बोलावून घेतलं होतं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. काळ्यांची शाळा आता बंद होणार, मुलं तिकडे जाणार, पण शिक्षिका तिकडे पुरेशा आहेत... एवढंच ते म्हणाले होते, तेही खिडकीबाहेर बघत. वीस वर्षांहून अधिक काळ जिने पहिलीच्या मुलांची बोटं धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, तिला निरोप द्यायला त्यांना मान वळवावीशीही वाटली नाही.

पण आजचा दिवस थिओचा होता. आणि थिओचा दिवस कोरीनने कधी नासवला नव्हता.

आई गेली तेव्हा थिओ नऊ वर्षांची होती आणि कोरीन नुकतीच शिक्षिका झालेली. त्या दिवसापासून कोरीन तिची आई झाली. ल्युशियस नावाचा एक भला सुतार तिच्याशी लग्न करायला तयार होता. डेट्रॉइटला कारखान्यात काम मिळालं, चल म्हणाला. लहान बहिणीला टाकून ती कशी जाणार? तो एकटाच गेला. पुढे पगारात दोघींचं भागवून तिने थिओला वॉशिंग्टनला कायदा शिकायला पाठवलं. या साऱ्याचा तिने कधी उच्चार केला नाही, आणि थिओला ते हवेसारखं वाटत राहिलं... असतंच, म्हणून न दिसणारं.

नोकरी गेल्याचं थिओला दोन दिवसांनी बाहेरून कळलं. ती धावत घरी आली, बहिणीला मिठी मारली, चिडली, हॅस्केलला शिव्या घातल्या. पण दारात मोटार थांबली होती, शेजारच्या तालुक्यातले लोक असाच खटला घेऊन आले होते. निघता निघता ती म्हणाली, "थोडी कळ सोस, कोरीन. शेवटी मुलांसाठीच आहे ना हे."

मुलांसाठी! ती मुलं कोण होती, हे काय कोरीनला माहीत नव्हतं? त्यांच्यातल्या कुणाला चष्मा लागेल, कोण उपाशी येतं, कुणाचा बाप मारतो... पण तिने कळ सोसली. सदऱ्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायला जाऊ लागली. एकाच घरात राहून दोघींमधलं बोलणं हळूहळू आटलं, जेवण झालं का, दिवा मालव, एवढ्यावर येऊन ठेपलं.

थिओ नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभी राहिली, त्या हिवाळ्यात हॅस्केल स्वतः मेबरींच्या ओसरीवर आले. टोपी हातात घेऊन आले, हेच मुळी नवल. गोड बोलले. गोऱ्यांच्या शाळेत पहिलीची एक जागा रिकामी झाली आहे म्हणाले. त्या बदल्यात तिने रेडिओवर येऊन फक्त खरं तेच सांगायचं होतं, की बहिणीच्या खटल्याने आपल्यासारख्या शिक्षिका देशोधडीला लागल्या.

"त्यात खोटं काय आहे, कोरीन?" त्यांनी विचारलं.

कोरीनने सुईने भोकं पडलेली बोटं एप्रनमध्ये गुंडाळून घेतली. खरंच, खोटं काय होतं? किती रात्री हेच वाक्य तिने उशीला सांगितलं होतं! मन एक क्षण त्या वर्गाकडे धावलं, खडूच्या वासाकडे, इवल्या खुर्च्यांकडे... मग ती शांतपणे म्हणाली, "खोटं काहीच नाही, साहेब. पण माझं खरं मी तुमच्या सोयीने बोलणार नाही."

थिओ निवडून आली, अगदी थोडक्या मतांनी. परिषदेवर बसणारी गावातली पहिली काळी स्त्री. शपथविधीनंतर सभागृहाच्या पायऱ्यांवर हॅस्केलनी तिला गाठलं. आपला उमेदवार हरल्याचा कडवटपणा त्यांच्या जिभेवर होता. तुमची बहीण हट्टी निघाली म्हणाले; रेडिओवर चार वाक्यं बोलली असती तर आज वर्गात असती आणि तुम्ही घरी.

थिओ घरी आली तेव्हा कोरीन मिठाच्या कोमट पाण्यात बोटं बुडवून बसली होती. अंगावरचा नवा कोट तसाच ठेवून थिओ तिच्यासमोर जमिनीवर बसली. सुईची भोकं पडलेली ती बोटं तिने पाहिली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू कळ सोस म्हणालीस. मी सोसली."

थिओचा बांध फुटला. हजार माणसांपुढे न डगमगणारी ती बाई बहिणीच्या मांडीत तोंड खुपसून लहान मुलीसारखी रडली. कोरीनचे ओले हात क्षणभर तसेच अधांतरी राहिले. मग ते आपोआप त्या केसांवर आले.

रडं ओसरल्यावर थिओ म्हणाली, की शिक्षण मंडळावर खटला भरायचा. काढून टाकलेल्या सगळ्या शिक्षिकांच्या वतीने, आणि पहिलं नाव कोरीनचं. कोरीनला हे पटेना. प्रायश्चित्त म्हणून करत असशील तर नको, म्हणाली. थिओने डोळे पुसले. "प्रायश्चित्त मी वेगळं करीन. हा तुझा हक्क आहे."

त्या खटल्याचा निकाल पुढे शिक्षिकांच्या बाजूने लागला. कोरीनला तिचा पहिलीचा वर्ग परत मिळाला. काही जणी मात्र तोवर गाव सोडून उत्तरेला निघून गेल्या होत्या, त्या परतल्या नाहीत. पण दोघी बहिणींना आयुष्यभर आठवत राहिला तो साक्षीचा दिवस.

चर्चला घालायचा निळा पोशाख घालून कोरीन साक्षीच्या खुर्चीत बसली. मंडळाच्या गोऱ्या वकिलाने तिला गोऱ्या बायकांसारखं मिस न म्हणता नुसतंच "कोरीन" म्हणून हाक मारली. ती गप्प राहिली. त्याने पुन्हा हाक मारली, आवाज चढवून. ती त्याच्याकडे पाहत राहिली, राग नाही, घाई नाही, वर्गात दंगा करणाऱ्या मुलाकडे पाहावं तशी. शेवटी न्यायाधीशांनीच चष्मा काढून त्याला सांगितलं, साक्षीदाराचं नाव मिस मेबरी आहे.

मग थिओडोरा उठली.

"मिस मेबरी, तुमचा व्यवसाय?"

"शिक्षिका."

"तुमची नोकरी ज्या खटल्यानंतर गेली, तो कुणी चालवला होता?"

कोरीन दचकली. हा प्रश्न ठरलेला नव्हता. "तुम्ही," ती हळूच म्हणाली.

"तो चालवण्याआधी, तुमचं काय होईल, हे त्या वकिलाने तुम्हाला कधी विचारलं होतं का?"

पाद्री व्हिटफिल्डनी मान खाली घातली. थिओचा चेहरा ताठ होता, पण टेबलाची कड तिने घट्ट आवळून धरली होती. भर न्यायालयात, सगळ्या गावासमोर, ती स्वतःलाच आरोपी करून उभी होती.

"नाही," कोरीन म्हणाली. "विचारलं नव्हतं."

"विचारलं असतं तर?"

कोरीनचे डोळे भरून आले. तिला समोर वकील दिसेना, परिषदेची सभासद दिसेना...

"तर मी सांगितलं असतं, की चालव खटला. माझं मी बघून घेईन." ती थांबली. "पण विचारायला हवं होतं, थिओ."

थिओडोराने होकारार्थी मान हलवली. न्यायाधीशांनी साक्षीदाराला आणखी काही विचारायचं आहे का, असं नरम आवाजात विचारलं.

"नाही, महाराज," थिओडोरा म्हणाली. "एवढंच राहून गेलं होतं."