हिला अजून चावतात

"हिला अजून चावतात."

सासूबाई हे सासऱ्यांना सांगत होत्या आणि मी खिडकीखाली दोरीवरचे कपडे काढत होते, तोंडात चिमटा धरून. तोंडात चिमटा असला की माणूस आयताच गप्प राहतो.

"अजून?" बाबा म्हणाले. वेताची खुर्ची करकरली.

ती डासांची कॉइल तुमच्या पायाशी सरकवून घ्या, मघापासून पोटऱ्या खाजवताय. मला नको. ऐका तुम्ही.

तेव्हा मला ती तक्रारच वाटली. हिला अजून चहाचा अंदाज येत नाही, हिला अजून पहाटे जाग येत नाही, त्यातलंच हे एक. लग्न नवं होतं, बरेच दोष मी न भांडता आपले म्हणून घेत होते. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीला सासू-सासरे असणं, हेही मी तसंच मान्य केलं होतं. ते दोघं आठवडाभर आधीच त्या बेटावर जाऊन राहिले होते. "घर मोठं आहे, तुम्हाला आमची काय अडचण," आई फोनवर म्हणाल्या. नवऱ्याने फोन ठेवला आणि माझ्या कानात सांगितलं, "घाबरू नकोस, दोघांनाही कमी ऐकू येतं."

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. सहलीला निघालेल्यांना डासांचं मलम विकताना जी पोपटपंची करते, ती सगळी आमच्या बॅगेत भरली होती. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी, मलमाच्या ट्यूबा. अत्तर घरी ठेवलं होतं. पोचल्या पोचल्या मी घराभोवती फिरून पाणी साचलेल्या बादल्या पालथ्या केल्या. आई ओसरीवरून बघत होत्या. "हौस आहे हो हिला," म्हणाल्या.

पहिल्या संध्याकाळी ऊन उतरलं आणि झाडीतून तो आवाज निघाला. आधी वाटलं दूर कुठेतरी यंत्र चालू झालं असावं. मग ते यंत्र आमच्या कानांपाशी आलं. आम्ही दोघं ओसरीवर चापट्या मारत नाचत होतो. आई-बाबा उघड्या हातापायांनी बसले होते, फोटो काढून घ्यायला बसावं तसे स्वस्थ. नवऱ्याने मानेवर चापट मारली आणि तळहात माझ्यापुढे धरला.

"हे रक्त तुझं की माझं?"

"आता आपलं," मी म्हटलं.

तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. ते हसू मी जपून ठेवलंय. त्यानंतरचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा त्याला घरामागच्या तळ्यावर घेऊन गेले. "तूही ये गं," आई म्हणाल्या. मला पोहता येत नाही, असं मी सांगितलं. त्यावर त्या गोड हसल्या. "पोहायचं नसतं. नुसतं उतरायचं."

मी नंतर एकटी जाऊन ते तळं पाहून आले. सवयच आहे, साचलेलं पाणी दिसलं की वाकून अळ्या शोधायच्या. झाडांच्या सावलीतलं हिरवट, जागचं न हलणारं पाणी. त्यात हजारोंनी अळ्या वळवळायला हव्या होत्या. एक नव्हती. वर एक किडा पळत नव्हता, काठावर बेडूक नव्हता. फुलदाणीत विसरून गेलेल्या पाण्याला येतो, तसला एक वास होता.

त्या संध्याकाळी नवऱ्याच्या केसांना तोच वास येत होता. मी ट्यूब पुढे केली, तर म्हणाला, "नको. मला नाही चावत." आणि खरंच नाही चावले. चौघांच्या वाटचे डास मला एकटीला आले. आधी मला त्याचा हेवाच वाटला, खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या दिवशी कपडे काढताना ते वाक्य ऐकलं. रागावले, विसरले, आणि घड्या घालता घालता त्यातला एकच शब्द मागे राहिला. अजून. म्हणजे थांबायला हवं होतं. म्हणजे त्यांचं थांबलं, त्याचं थांबलं, आणि आता माझी वाट बघत होते.

दुपारी तो झोपला होता. मी खिडकीच्या काचेवरचा एक डास पेल्यात पकडला आणि पेला अलगद त्याच्या हातावर पालथा घातला. डास खाली आला नाही. पेल्याच्या भिंतीवरून चढत चढत वर तळाशी गेला आणि तिथे अंग चोरून बसला, कातडीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. मी पेला माझ्या हातावर ठेवला. तो लगेच उतरला आणि चावला.

माझ्या हातावर पेल्याची लाल कड उमटली आणि थोड्या वेळाने गेली. त्याच्या हातावरची कड लाल नव्हतीच. मळलेल्या कणकेवर उठावी तशी ती खोल होती, आणि भरून येईना. मी अंगठ्याने चोळली. हात गार होता. आजारी माणसाचा गार नाही... सावलीत ठेवलेल्या भांड्याचा गार.

"काय करतेस?" त्याने डोळे उघडले होते. कधीपासून, कोण जाणे.

"आपण घरी जाऊ या. आजच. मला इथं... बरं नाही वाटत."

"जाऊ की. तुझं थांबलं की निघू सगळे."

"काय थांबलं की?"

तो खिडकीबाहेर, तळ्याच्या बाजूला बघत राहिला. "आई म्हणते, वेळ लागतो एखादीला."

मी आता हसत सांगते, पण त्या तिन्हीसांजेला मी जे केलं ते कुणी पाहिलं असतं, तर वेडी म्हणाले असते. मच्छरदाणी वर गुंडाळून टाकली, दिवा लावला, खिडक्या उघडल्या. माझी घामाने भिजलेली ओढणी त्याच्या हातांना, मानेला, तळपायांना चोळली, माझा वास त्याला लागावा म्हणून. तो शहाण्या मुलासारखा बसून राहिला. "एक तरी चाव रे... एकच..." मी डासांना विनवत होते. ज्यांना मारायची औषधं विकून पगार घेते, त्यांना. ते थव्याने आले. ओढणीवर घिरट्या घातल्या, आणि सगळेच्या सगळे ओढणी धरलेल्या माझ्या बोटांवर बसले.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी हातपाय सुजून लाल झाले होते. आई वाडगा घेऊन आल्या, ओल्या फडक्याच्या पट्ट्या करून एकेक माझ्या अंगावर ठेवू लागल्या.

"खाजवू नकोस बाळा. डाग राहतील."

बाळा म्हणाल्या, पहिल्यांदाच. मला रडू आलं. वाडग्याला फुलदाणीचा वास होता, तो मला कळला. पण खाज थांबली होती, आणि तीन दिवसांची खाज थांबली की माणूस नाकाचं ऐकत नाही. मी डोळे मिटले. उठले तेव्हा दुपार कलली होती आणि अंगावर एकही गांधी नव्हती.

मग मी ठरवलं. खोटं बोलायचं. मलम न लावता, बाह्या दुमडून त्यांच्यात बसायचं, डास चावले तरी पापणी हलवायची नाही, आणि सांगायचं की थांबलं. मग निघता येईल. घरी डॉक्टर आहेत, ऊन आहे, माणसं आहेत. घरी गेलं की हा पुन्हा गरम होईल, अशी माझी समजूत होती. समजूत तरी कशाची, धडपड होती.

ओसरीवर बसले. बाबांनी माझ्या उघड्या हातांकडे पाहिलं. ऊन उतरलं. झाडीतून तो आवाज निघाला आणि जवळ जवळ आला. मी पायाची बोटं आवळून धरली. पहिला कानाशी आला. आता बसेल... आता. मानेवर वारा लागला, तेवढाच. तो पुढे गेला. दुसरा हातावरून गेला. तिसरा मनगटाशी थबकला, आणि पेल्यातला तो मागे सरला होता तसाच मागे सरला.

मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी डासाची वाट पाहत होते.

"काय गं," आई हळूच म्हणाल्या, "चावतात?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्याचे डोळे भरले होते, आणि आई-बाबांना दिसणार नाही इतकीशी मान त्याने हलवली. नको. सांगू नकोस.

खोटं म्हणून पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. त्यातला एक शब्दही बदलावा लागला नाही.

"नाही आई," मी म्हणाले. "मलाही नाही चावत आता. चला... घरी जाऊ या सगळे."