एमआरआयच्या खोलीतली दुसरी बाई

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचलं असतं, तर शेवट तरी बरा केला असता.

गेल्या नोव्हेंबरमधली दुपार. न्युरेम्बर्ग. बाहेर दाट धुकं.

मुक्तावहिनीच्या, म्हणजे माझ्या भावाच्या बायकोच्या स्तनात गाठ सापडली होती. मॅमोग्राफीत संशयास्पद दिसली, म्हणून एमआरआय. दादा कामासाठी हॅम्बर्गला गेलेला, म्हणून सोबत मी.

डॉक्टरबाईंनी आधीच समजावलं होतं.

"गाठीतलं पाणी किती मोकळं हलतं, ते मोजायचं. कॅन्सरमध्ये पेशींची दाटी असते. पाणी अडकतं. मग ती जागा चमकते."

वहिनी आत पालथी झोपली. मी बाहेर बसले.

भिंतीपलीकडून मशीनची ठकठक येत होती...

मग ती थांबली.

आणि आत... कोणीतरी हसलं.

वहिनी नव्हे. तिचं हसणं मला ठाऊक आहे.

टेक्निशियन बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"आत अजून कोणी गेलंय का?"

"नाही. का?"

"माइकवर दोन बायका ऐकू येतायत. तुमच्या भाषेत बोलतायत." ती अडखळली. "स्पृहा म्हणजे काय?"

स्पृहा म्हणजे मी.

रिपोर्ट चांगला आला. "पाणी मोकळं फिरतंय. बायोप्सीची गरज नाही," डॉक्टर म्हणाल्या.

परतताना उ-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, वहिनी रडत होती. मला वाटलं, आनंदाने.

"आत एक बाई होती गं... अगदी कानाशी. म्हणाली, ही गाठ काढून घेते. कोणाला देऊ? मी गप्प राहिले. तर म्हणाली, मग तुझ्या लेकीला देते."

"मग?"

"तनया दुसरीत आहे गं, स्पृहा."

मग खिडकीबाहेर बघत बसली.

जानेवारीत आंघोळ करताना माझ्या हाताला गाठ लागली.

तीच बाजू. तीच जागा.

तेच मशीन.

मी पालथी पडून कान देऊन ऐकत होते. कोणीतरी विचारेल... आत्ता विचारेल...

माझ्याकडे नाव तयार होतं.

कोणीच विचारलं नाही. नुसती ठकठक.

माझी गाठ चमकली.

आता केमो चालू आहे. वहिनी रोज डबा घेऊन येते. समोर बसून जेवायला लावते, केस गळाले तिथे हात फिरवते.

तनयाला मात्र ती कधीच आणत नाही.