विलायती पेटीतली हाक

त्या साली कापसाची पऱ्हाटी बरी पिकली, म्हणून घरी रेडिओ घ्यायचं ठरलं. देवळीच्या दुकानात सरकारमान्य रेडिओ होता. दिसायला ओबडधोबड, पण त्याची बॅटरी तिथंच मिळायची, बिघडला तर मिस्त्री सायकलवर घरी यायचा. तोच आणा म्हणून मी घरधन्यांना बजावलं होतं. त्यांनी नागपुरातून कुणाकडून तरी विलायती पेटी आणली.

"तुह्या देवळीच्या डबड्यावर निस्तं नागपूर लागते," ते म्हणाले. "हा समुद्रापल्याडचं धरते."

"समुद्रापल्याड कोण बसलं आहे तुमचं?"

मी बोलले आणि जीभ चावली. चुलीपाशी कमला होती, माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा लहानू लढाईत ब्रह्मदेशाकडं गेला, तो आलाच नाही. मेला असंही कुणी कळवलं नाही, म्हणून तिनं कुंकू पुसलं नव्हतं.

दिवाळीआधीच पेटीची बॅटरी संपली. तसली बॅटरी देवळीत नाही, वर्ध्यातही नाही. मिस्त्रीनं मेलेली बॅटरी काढून ओट्यावर ठेवली. "ह्या मॉडेलले आपल्या इकडचं काहीच लागत नाई, बाई," म्हणाला आणि गेला. पेटी फळीवर पडून राहिली.

मग वेचणी लागली. घरधनी कापसाची गाडी घेऊन आर्वीला गेले. दुपारी गावात कुत्रंही नसायचं. मला ताप होता, म्हणून कमला घरी थांबली. खोलीभर कापूस रचलेला, सरकीचा उबट, तेलकट वास. बाहेर कावळासुद्धा गप्प होता. आणि फळीवरून खरखर सुरू झाली, दूर कुठं पाऊस पडावा तशी.

"कमला..."

लहानूचा आवाज. मी तिचं मनगट धरलं.

आमच्याकडं एका हाकेला ओ देत नाहीत. माणूस असला तर दुसरी हाक मारतो. दुसरं काही असलं तर एकदाच मारतं. आम्ही दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही.

"बाई, थकले असतीन ते... दुसऱ्यांदा हाक माराले दम नसंन उरला."

"तोंड उघडलं तं जीभ उपटीन, कमले."

"तुमचा माणूस तं परवा घरी येते, बाई."

मी तिचं मनगट आणखी घट्ट धरलं. तेवढ्यात पेटीतून हाक आली, आणि माझ्या हातातलं मनगट उसळलं.

"ओ जी... इथंच आहो मी."

खरखर थांबली. कमलाचे ओठ हलत राहिले, पण आवाज येईना. तिचा आवाज पुन्हा आलाच नाही. वैद्य झाले, वर्ध्याचा दवाखाना झाला. ती जेवते, वावरात जाते, बोलत नाही. घरधन्यांनी पेटीवर कुऱ्हाड उचलली, तर पेटीतून कमला किंचाळली. कमला तर ओसरीवर तूर पाखडत बसली होती. कुऱ्हाड खाली ठेवली ती ठेवलीच.

पेटी फळीवरच आहे. दुपारी घरी मी आणि ती, दोघीच. दिवसभर मीच बोलते, मीच ऐकते. बाई म्हणून हाक मारणारं घरात कुणी उरलं नाही.

काल खरखर झाली.

"बाई... ते इथं नाईत. इथं कोणीच नाई. लय अंधार आहे... एक खेप ओ द्या न..."

 ओ द्यायला माझे ओठ उघडलेच होते. समोर तूर निवडत बसलेली कमला सूप टाकून उठली, आली आणि तिनं तळहात माझ्या तोंडावर गच्च दाबला. माझे दात ओठात रुतून रक्त आलं, तरी तिनं काढला नाही. तिचे डोळे कोरडे होते.

रडत होती ती पेटीतली.