निगाला न दिसलेला लाल

"आजोबांना आज घरी सोडता येणार नाही," निगा म्हणाली. "त्यांचे ओठ निळसर दिसताहेत."

निगा ही रुग्णालयाच्या नव्या वॉर्डातली यंत्रपरिचारिका. रेवती आजोबांची पिशवी भरून उभी होती, तिचा चेहरा उतरला. आठवडाभर तिने त्यांच्या खुर्चीत मांजराला बसू दिलं नव्हतं.

"अगं, मला बरं वाटतंय," आजोबा म्हणाले. त्यांनी आयुष्यभर प्रकाशाचा अभ्यास केला होता, पण रुग्णाच्या कपड्यांत त्यांचं कोणी फारसं ऐकत नव्हतं.

त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा) लावलेला होता. त्यावरचा आकडा चांगला होता. मग ओठ निळसर का?

निगा रेवतीकडे वळली. "तुझेही ओठ निळसर आहेत. खाट तयार करते."

"मी तर आत्ता जिना धावत चढून आले!"

"मग खाट हवीच."

आजोबा हसता हसता थांबले. त्यांनी छताकडे पाहिलं. "रेवू, कोकम सरबताची बाटली काढ बघू."

सरबत मातकट दिसत होतं. रेवतीने बाटली खिडकीशी नेऊन पडदा सारला. उन्हात ते लालचुटूक झालं.

"पांढरा प्रकाश म्हणजे अनेक रंगांचं मिश्रण," आजोबा म्हणाले. "वस्तूवर जे रंग पडतात, त्यांतलेच काही ती परत पाठवते. या एलईडी दिव्यांत गडद लाल फार कमी आहे. मग सरबताने लाल आणायचा कुठून? आणि माझ्या ओठांनी तरी?"

"पण दिवे तर पांढरे दिसतात."

"लाल कमी असला तरी डोळ्यांना ते मिश्रण पांढरंच वाटतं. म्हणून दिवा निवडताना नुसता उजेड आणि वीजबचत बघून भागत नाही. रंगदर्शनांक (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा) बघायचा. शंभर म्हणजे उत्तम. रुग्ण तपासतात तिथे तो नव्वदच्या वर हवा, आणि गडद लालचा आकडा वेगळा विचारून घ्यायचा. हे दिवे जिन्यात चालतील. सगळीकडे एकसारखे हवेत म्हणून कोणीतरी इथेही लावले."

हे ऐकून वॉर्डातल्या फर्नांडिस सिस्टरांनी तपासणीच्या खोलीतला चांगला हातदिवा आणला. निगाने आजोबांचे ओठ पाहिले, मग रेवतीचे.

"दोघांचेही गुलाबी," ती म्हणाली. मग तिने दिवा स्वतःच्या छातीवरच्या पट्टीवर धरला. "ही लाल आहे. मी तपकिरी समजत होते."

"असू दे गं," आजोबा म्हणाले.

"पण मग कोणाच्या अंगावरचं लाल पुरळही मला दिसलं नसेल."

आजोबांनी मान हलवली. "शक्य आहे."

"तुम्ही घरी जा, आजोबा. मी सगळ्यांना पुन्हा तपासते."

सिस्टर नव्या दिव्यांसाठी फोन लावत होत्या. रेवतीने पिशवी खाली ठेवली.

"दिवा मी धरते. तुला दोन्ही हात लागतील."

आजोबांची खुर्ची आता तासभर मांजराने घेतली तरी तिची हरकत नव्हती.