मागच्या सीटवरचा ओला डाग

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. पण मी माझ्या लेकीची शपथ घेऊन सांगतो, यात पदरचं काही नाही. आणि ही गोष्ट रात्री-अपरात्रीची नाही. मागच्या वर्षीच्या मार्चमधली, आमच्या भंडारा जिल्ह्यातली, भर उन्हातली आहे.

मी निकेश. कारध्याला राहतो. गाडीच्या बाबतीत मी जरा अतीच आहे, हे आधीच कबूल करतो. माझ्या सात सीटच्या गाडीत कोणी शेंगदाणे सोलले तरी माझं डोकं फिरतं. मित्र म्हणतात, याच्या गाडीत चप्पल बाहेर काढून बसावं लागतं. खोटं नाही ते.

त्या गुरुवारी मी आणि माझा मित्र वीरेंद्र तुमसरच्या पलीकडे वैनगंगेच्या पात्रात गेलो. रेतीत गाडी पळवून बघायची, एवढंच खूळ. तासभर मजा आली. मग मागचं चाक रुतलं.

वीरेंद्र काठावरून एक गोधडी ओढत घेऊन आला. चाकाखाली दिली. गाडी एका झटक्यात निघाली.

तोवर आम्ही गुडघ्यापर्यंत चिखलात माखलो होतो. दमलेला वीरेंद्र तसाच मागच्या सीटवर आडवा व्हायला निघाला.

"अबे थांब! सीट खराब करतं का?"

"मंग का उडत येऊ घरी?"

मी तीच गोधडी उचलली, झटकली, आणि शेवटच्या सीटवर अंथरली. सीटला चिखल लागू नये म्हणून.

ती जिथून आणली होती तिथे मला एक फुटकं मडकं दिसलं होतं. बाजूला झेंडूची सुकलेली माळ...

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं अंथरूण नदीवर नेऊन टाकतात. हे लहान पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं.

पण मला सीटची पडली होती.

घरी येताना गोधडी एका नाल्यात फेकली. माझ्यापुरता विषय संपला.

शुक्रवारी सकाळी गाडीचं दार उघडलं आणि...

वास.

रेतीचा नाही, चिखलाचा नाही. पिवळा बाम, शिळी लघवी आणि महिनोन्महिने अंथरुणावर पडून चिघळलेल्या पाठीचा वास. ज्यांनी घरात असं माणूस सांभाळलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

आणि रविवारी मला सिहोऱ्याला जायचं होतं. माझी बायको रेणू तिथे माहेरी बाळंत झाली होती. सव्वा महिन्याच्या लेकीला पहिल्यांदा घरी आणायचं होतं, ते याच गाडीतून.

मी नाकाला रुमाल बांधून कामाला लागलो. मॅट काढल्या, रेती झाडली. शेवटच्या सीटवर एक पिवळट डाग होता. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा. साबण, सोडा, ब्रश... तासभर घासला. गेला.

दुपारी बघतो तर तिथेच. ओला.

सीटखाली हात घातला तर बोटांत केसांचा गुंता आला. पांढरे, लांब, तेलकट. त्यात एक सुकलेली खपली अडकली होती. कातडीची. ती माझ्या नखाला चिकटली आणि झटकली तरी सुटेना. मी अंगणातच ओकलो.

अजून एक. आमच्या गल्लीतली कुत्री रोज दुपारी माझ्या गाडीखाली सावलीला झोपतात. त्या दिवशी एकही नव्हतं.

शनिवारी सकाळी गाडी भैय्यालालच्या वॉशिंग सेंटरवर नेली. त्याने कव्हर काढलं आणि आतला फोम दाबला. पिवळं पाणी आलं. पुसलं, परत दाबलं. परत आलं. अर्धी बादली भरली तरी थांबेना.

मग तो थांबला. स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

"निकेशभाऊ... हे पानी कोमट हाय."

"उन्हानं झालं असन गा."

"गाडी शेडात हाय. आन बाकीच्या सीटा थंड्या हायेत."

त्याची मशीन बंद होती. रस्त्यावरही कोणी नव्हतं. तेवढ्यात गाडीच्या आतून...

कोणीतरी खाकरलं. घशात कफ अडकल्यासारखं, एकदाच.

भैय्यालालने नट खोलून ती अख्खी सीटच बाहेर काढली आणि हात तीनदा धुतले. "हे घरी नको नेऊ," म्हणाला. "आन जे केलं असन ते आईले सांग."

मी आईला, निर्मलाबाईला, सगळं सांगितलं. तिने आधी मला मनसोक्त शिव्या घातल्या.

"कोनाचं तरी मरनाचं अंथरून, आन तू त्याले गाडीत घालून आनलं? सीटीपायी? जा, जिथून आनलं तिथं नेऊन ठेव."

मी नाल्यावर गेलो. मी फेकलेल्या जागी प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, एक फाटकी चप्पल होती.

गोधडी नव्हती.

तिथेच हात जोडले, माफी मागितली. परत आलो.

रविवारी गाडीत वास नव्हता. मागची सीटही नव्हती, नुसता पत्रा. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. रेणू बाळाला घेऊन मधल्या सीटवर बसली. सिहोऱ्यापासून पोरगी रडत होती. तुमसर आलं आणि अचानक गप्प झाली.

"पाहा ना," रेणू म्हणाली, "माह्या खांद्यावरून मांगं पाहून कशी हासून राहिली!"

मी आरशात बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

घरी पोचलो. आई दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती, ओवाळून टाकायला. रेणू उंबऱ्यापाशी थांबली.

"सू केली वाटते हिनं. पूर्ण दुपटं वलं झालं."

दुपटं पिवळं झालं होतं. आणि तो वास... बामाचा.

आईचा हात हवेतच थांबला. ती बाळाच्या मुठीकडे बघत होती. रेणूने ती इवलीशी मूठ हळूच उघडली. आत एक केस होता. बोटांना तीन वेढे घातलेला. लांब, पांढरा.

"आईचा लागला असन," रेणू माझ्या आईकडे बघून हसत म्हणाली.

आईने बाळाला अजून हातही लावला नव्हता.

गाडी मी महिनाभरात काढून टाकली. रेणूला आजही काही सांगितलेलं नाही. पोरगी आता सव्वा वर्षाची आहे, छान आहे, खेळते. कुशीवर झोपते, गुडघे पोटाशी घेऊन. सगळीच मुलं तशी झोपतात, असं आई म्हणते.

ती झोपली की मी तिची मूठ उघडून बघतो.

बहुतेक वेळा रिकामी असते.