चार ते पाच

थोरलीला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. नातवंडांच्या आनंदात माझ्या हातून एक चूक झाली.

आमची कंपनी लिफ्ट सांभाळायची. कुणी आत अडकलं की लाल बटण दाबायचं आणि फोन आमच्या टेबलावर वाजायचा. तीन देशांत तीन ऑफिसं होती. आमचे चार वाजले की पश्चिमेकडच्यांचे सकाळचे आठ व्हायचे आणि फोन त्यांच्याकडे जायचा. रात्रपाळी कुणालाच नको, म्हणून ही युक्ती. पाळ्यांचा तक्ता मी आखायचो. नियम एकच: पुढच्या माणसाकडून 'घेतला' ऐकल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

हा नियम माझ्या बायकोने घातलेला. ती याच टेबलावर बसायची. मी तेव्हा मिस्त्री होतो, अंगठाबहाद्दर. चाळिशी उलटल्यावर तिने मला याच तक्त्यावर अक्षरं शिकवली. "आधी स्वतःचं नाव शोधा," म्हणायची, "मग माझं."

पश्चिमेकडे हिवाळ्याआधी घड्याळं तासभर मागे घेतात. तेवढं धरायला मी विसरलो. त्यांचे आठ आता आमच्या पाचाला वाजत होते. चार ते पाच फोन कुणाचाच नव्हता. हे माझ्या लक्षात आलं सोळाव्या दिवशी. कुणी आत गुदमरलं असतं तर?

यंत्राची नोंद काढली. त्या तासात अकरा फोन आलेले. अकराही कुणीतरी घेतलेले. घेणाऱ्याचा रकाना कोरा.

चार वाजता फोन सोपवून जाणाऱ्या चष्मेवालीला विचारलं.

"एक बाई घेते की, काका. 'घेतला, जा आता घरी' म्हणते. तुम्हीच ठेवलीत ना नवीन?"

"तिकडे तर हिंदीवर भागवतात. आपली भाषा कुणाला येते?"

ती हसली. "मग भूत असेल. पण तुमच्यापेक्षा गोड बोलतं हो!"

मी त्या तासावर स्वतःचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चारला चष्मेवाली गेली. टेबलावर ऊन पडलं होतं. खाली रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका. काय विचारायचं ते मी रात्रभर मनात जुळवलं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी फोनवरचा दिवा लागला. घंटी वाजली नाही. मी फोन उचलला.

एक म्हातारा धापा टाकत होता. "दार उघडत नाहीये हो. अंधार आहे."

"भिंतीला पाठ लावून बसा," फोनमध्येच एक बाई म्हणाली. "माणूस निघालाय. तोवर सांगा, घरी कोण कोण आहे?"

हा प्रश्न माझ्या बायकोचाच; अडकलेल्या प्रत्येकाला ती तो विचारायची.

म्हातारा सांगू लागला. मुलगा. सून. दोन नाती. त्याचा श्वास सावकाश झाला.

तिचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मधेच बोललो असतो तर तो पुन्हा बिथरला असता. मी तोंडावर हात धरला.

दार सरकल्याचा आवाज आला. म्हातारा रडतरडत हसला. त्याचा फोन तुटला.

दिवा मात्र विझला नाही.

"घेतला," ती म्हणाली. "आता तरी घरी जा."

माझी बायको त्याच्या चार वर्षं आधी, एका मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी घरी वारली. तेव्हा पश्चिमेकडचं ऑफिस नव्हतं आणि टेबलावर मी होतो; बोलावणं मला वेळेत आलं होतं. पण बदलीचा माणूस आला पाच वाजता, आणि तोवर 'घेतला' म्हणायला कुणी नव्हतं.